रिपोर्ट ‘नॉट डिटेक्टेड’, मग हार्टची गोळी कशाला?

या महिन्यात पत्रांचा गठ्ठा उघडला तर त्यातली सात पत्रं एकाच विषयाची निघाली, एचआयव्ही आणि हार्ट. म्हणून बाकीचे प्रश्न पुढच्या अंकात (गुडघेदुखीवाल्यांनो, जरा दम धरा). पत्रातली नावं-गावं काढलीयेत, आणि कोणाची ओळख पटू नये म्हणून एकदोन तपशील इकडचे तिकडे केलेत.

प्रश्न : मॅडम, माझं वय ४७. १४ वर्षं झाली एचआयव्ही असल्याचं कळून, एआरटीची (एचआयव्ही दाबून ठेवणारी) गोळी एक दिवस चुकवलेली नाही. ११ वर्षं व्हायरल लोड नॉट डिटेक्टेड, सीडी-फोर (इम्युनिटीच्या पेशी) ७०० च्या वर. बीपी नाही, शुगर नाही, अंगाने बारीक, एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) ११०. आणि या वेळी डॉक्टरांनी कोलेस्टेरॉलची गोळी लिहून दिली, म्हणाले रोज घ्यायची, कायम. कोलेस्टेरॉल तर नॉर्मल आहे! विचारलं तर म्हणे “एचआयव्ही आहे ना तुम्हाला, म्हणून.” खरं सांगतो, राग आला. इतकी वर्षं मेहनत करून व्हायरस दाबला तरी सगळं त्याच्यावरच ढकलतात. गोळ्यांचं पाकीट तसंच पडून आहे, फोडलेलं नाही.

उत्तर : तुमचा राग मला कळतो, आणि अर्धा दोष आम्हा डॉक्टरांचा आहे कारण “एचआयव्ही आहे म्हणून” हे काही उत्तर झालं नाही. माझ्याकडे एक पेशंट येतात, दर वेळी रिपोर्टमधल्या ‘नॉट डिटेक्टेड’ला लाल पेनने गोल करून आणतात, तो कागद वर आणि लिपिड प्रोफाइलचं (कोलेस्टेरॉलच्या तपासणीचं) पान मागे, स्टेपल केलेलं, उलटलेलंसुद्धा नाही. त्यांचंही म्हणणं तुमच्यासारखंच, मेन गोष्ट जिंकली की आता बाकीचं कशाला.

जिंकलात हे शंभर टक्के खरं. पण व्हायरल लोडची टेस्ट फक्त एवढंच सांगते की रक्तात व्हायरस मोजता येईल इतका नाही. तुमची इम्युन सिस्टीम आत किती शांत झालीय ते ती सांगत नाही, सीडी-फोर पण ते सांगत नाही, आणि घोळ इथेच आहे. गोळ्या चालू असताना, व्हायरस दबलेला असताना सुद्धा शरीरात बारीकशी सूज चालू राहते. बोटाला लागल्यावर येते तशी दिसणारी सूज नाही ही, रक्तातल्या काही खुणांवरून कळणारी. ती वर्षानुवर्षं रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तराला त्रास देत राहते. म्हणून बीपी, शुगर, सिगरेट सगळं हिशोबात धरल्यावरही एचआयव्ही असलेल्यांना हार्ट अटॅकचा धोका साधारण दीड ते दोन पट निघतो. अमेरिकेतल्या ८२ हजारांवर माजी सैनिकांचा अभ्यास २०१३ साली आला, त्यात तो जवळपास ५० टक्के जास्त होता.

आता तुमच्या गोळीकडे येते. २०२३ मध्ये रिप्रीव्ह नावाच्या मोठ्या ट्रायलचे निकाल आले. भारतासह १२ देश, ७,७६९ माणसं, वय ४० ते ७५, सगळे एआरटीवर आणि सगळे असे की नेहमीच्या हिशोबाने त्यांना हार्टचा धोका कमी किंवा मध्यम. म्हणजे तुम्हीच की ओ! अर्ध्यांना पिटाव्हास्टॅटिन (कोलेस्टेरॉल कमी करणाऱ्या स्टॅटिन गटातली गोळी) ४ मिलिग्रॅम, अर्ध्यांना दिसायला तशीच पण औषध नसलेली गोळी. पाचेक वर्षांनी बघितलं तर हार्ट अटॅक, स्ट्रोक वगैरे गोष्टी स्टॅटिनवाल्यांमध्ये ३५ टक्क्यांनी कमी, इतका फरक की ट्रायल ठरल्यापेक्षा लवकर थांबवली.

३५ टक्के ऐकायला फार मोठं वाटतं म्हणून दुसऱ्या भाषेतही सांगते, नाहीतर तुम्ही म्हणाल मॅडम औषध खपवतात. हजार माणसांमागे वर्षाला औषध नसलेल्या गोळीवाल्यांत साधारण ७ जणांना असं काही झालं, स्टॅटिनवाल्यांत साधारण ५ जणांना. एका वर्षात फरक छोटाच, पण ही गोळी वीस-तीस वर्षांच्या हिशोबाने घ्यायची असते. आणि फुकट काहीच मिळत नाही, नव्याने डायबेटिस झालेले ४ टक्क्यांऐवजी ५.३ टक्के निघाले, अंगदुखी-स्नायूदुखीच्या तक्रारी १.४ ऐवजी २.४ टक्के. तुमची शुगर आत्ता नॉर्मल आहे, तरी ती तपासत राहायची.

मला यातली सगळ्यात बोलकी गोष्ट ही वाटते की याच ट्रायलमधल्या अमेरिकेतल्या साडेसातशेएक जणांचा गोळी सुरू करण्याआधी हार्टचा सीटी काढला होता, आणि कसलीही तक्रार नसलेल्या या माणसांपैकी जवळपास निम्म्यांच्या हार्टच्या नळ्यांमध्ये चरबीचा थर बसायला सुरुवात झालेली होती. एलडीएल ११० तेव्हा नॉर्मल, जेव्हा नळीचं अस्तर शांत असतं. तुमचं कदाचित नाहीये. पाकीट फोडायचं की नाही हे तुम्ही आणि तुमचे डॉक्टर ठरवा, मी तुमच्या जागी असते तर फोडलं असतं.

प्रश्न : मी बायोलॉजी शिकते. आम्हाला शिकवलंय की एचआयव्हीमध्ये इम्युनिटी कमी होते. मागच्या अंकात तुम्ही ओझरतं लिहिलं होतं की इम्युनिटी जास्त जागी राहिल्यामुळे हार्टला धोका होतो. कमी होते की जास्त? परीक्षेत काय लिहू?

उत्तर : परीक्षेत पुस्तकातलंच लिही बाई, मार्क जातील नाहीतर! पण तुझा प्रश्न एकदम मुद्द्याचा आहे, दोन्ही खरं आहे, एकाच वेळी. नेमकं वार करण्याची ताकद कमी होते आणि उगाचची धावपळ वाढते.

सुरुवात आतड्यापासून कर. सीडी-फोर पेशी रक्तात मोजतात म्हणून आपल्याला वाटतं त्या रक्तातच असतात, पण त्यांचा मोठा वाटा आतड्याच्या अस्तरात बसलेला असतो. एचआयव्ही शिरल्यावर पहिल्या काही आठवड्यांतच तिथली फौज कापली जाते, अस्तराची वीण सैल होते, आणि आतड्यातल्या बॅक्टेरियांचे तुकडे रक्तात झिरपायला लागतात. २००६ मध्ये हे रक्तात मोजून दाखवलं गेलं, बॅक्टेरियाच्या बाहेरच्या कवचातलं लायपोपॉलिसॅकराइड सापडलं. एआरटीने वीण बरीच सुधारते, पूर्ण पहिल्यासारखी होत नाही. त्यामुळे रक्तात फिरणाऱ्या मोनोसाइट नावाच्या पांढऱ्या पेशींना सारखा निरोप जात राहतो की घरात कोणीतरी शिरलंय, धावा.

आता एक मोनोसाइट धर आणि तिच्या मागे जा. सूज असली की नळीच्या अस्तरावरच्या पेशी चिकट होतात, खरंच चिकट, त्यांच्यावर पकडून ठेवणारे रेणू उगवतात. आपली मोनोसाइट रक्ताबरोबर वाहत जाताना तिथे अडखळते, घरंगळत घरंगळत थांबते, मग दोन पेशींच्या फटीतून अंग चोरून भिंतीच्या आत घुसते. आत एलडीएलचे खराब झालेले कण पडलेले असतात, ती ते गिळत सुटते, इतके की पोट फुगून फेसाळ दिसायला लागते, म्हणून तिला फोम सेल म्हणतात. शेवटी तिथेच मरते. अशा हजारो मेल्या की भिंतीत मऊ चरबीचा गोळा तयार होतो, वर पातळ पापुद्रा. पापुद्रा फाटला की रक्त आतल्या चरबीला लागतं, मिनिटांत गुठळी, नळी बंद, हार्ट अटॅक. एचआयव्ही असलेल्यांमध्ये असे मऊ, कॅल्शियम न साठलेले थर जास्त दिसतात, आणि फाटायला तेच सोपे.

वर आणखी दोन गोष्टी. चिडलेल्या मोनोसाइट आपल्या अंगावर टिश्यू फॅक्टर मिरवतात, तो गुठळी बनवायची कळ दाबतो. आणि दुसरी म्हणजे सीएमव्ही, हा व्हायरस आपल्यातल्या बऱ्याच जणांच्या शरीरात गुपचूप पडलेला असतो, एचआयव्ही असलेल्यांच्यात तर बहुतेकांच्या, आणि त्याच्यावर पहारा देण्यासाठी सीडी-एट नावाच्या इम्युनिटीच्या पेशींची मोठी फौज अडकून पडते, त्यातल्या बऱ्याच नळ्यांच्या अस्तराकडेच ओढल्या जातात. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ना, त्यातला प्रकार.

सगळ्यात चक्रावणारं उदाहरण एलिट कंट्रोलर्सचं. ही अशी थोडी माणसं ज्यांचं शरीर एकही गोळी न घेता व्हायरस दाबून ठेवतं. तुला वाटेल यांना काय धोका, पण त्यांच्याही हार्टच्या नळ्यांमध्ये थर जास्त सापडले. गोळ्यांचा संबंधच नाही तिथे. व्हायरस दाबून ठेवायला इम्युन सिस्टीम रात्रंदिवस जागते, त्याची किंमत नळ्या भरतात.

तू आता विचारशील की मग सूज कमी करायचंच औषध देऊन टाका की. करून बघितलंय, एचआयव्ही नसलेल्या हार्ट पेशंटवर. २०१७ मध्ये कॅनाकिनुमॅबने अटॅक थोडे कमी झाले पण इन्फेक्शनने मरणारे थोडे वाढले, २०१८ मध्ये मेथोट्रेक्सेटने तर काहीच फरक पडला नाही. पहारेकरी झोपवला की खरे चोर शिरतात, आणि ज्यांचा पहारा आधीच अर्धा आहे त्यांच्याशी हा खेळ कोण खेळणार.

प्रश्न : आमच्या ह्यांना एचआयव्ही आहे, मला नाही. ह्यांनी कुठेतरी वाचलं की एआरटीच्या गोळ्यांनीच हार्ट खराब होतं. तेव्हापासून शनिवार-रविवार गोळी घेत नाहीत, म्हणतात हार्टला सुट्टी. आणि सगळं नीट आहे तर तीन महिने पूर्ण बंद करून बघू म्हणतात. मला भीती वाटते पण वाद कसा घालायचा कळत नाही.

उत्तर : हे पान त्यांच्यासमोर ठेवा, वाद मी घालते.

त्यांनी वाचलं ते सरळ खोटं नाही. २००३ मध्ये मोठ्या अभ्यासात दिसलं होतं की तेव्हाच्या औषधांवर जितकी वर्षं जास्त तितका हार्ट अटॅकचा धोका थोडा थोडा वाढतो. तेव्हाची काही औषधं, लोपिनाविर, इंडिनाविरसारखी, कोलेस्टेरॉल आणि ट्रायग्लिसराइड चांगलंच बिघडवायची. २००८ मध्ये अबॅकाविर या एचआयव्हीच्या औषधाचं नाव आलं, आणि हार्टचा धोका असलेल्यांना ते द्यायचं आजही बरेच डॉक्टर टाळतात. हल्लीच्या एआरटीतल्या डोल्युटेग्राविरने वजन वाढू शकतं हेही खरं.

पण मग कोणाला तरी वाटलंच होतं जे तुमच्या ह्यांना वाटतंय. स्मार्ट नावाची ट्रायल, ५,४७२ माणसं, सीडी-फोर ३५० च्या वर असलेली. अर्ध्यांनी गोळ्या सलग घ्यायच्या, अर्ध्यांनी बंद करायच्या आणि सीडी-फोर २५० च्या खाली गेल्यावरच परत सुरू करायच्या. अपेक्षा हीच की गोळ्या कमी तर हार्ट, किडनी, लिव्हरला आराम. झालं उलटं, गोळ्या थांबवणाऱ्यांत मृत्यू जास्त, आणि ज्या हार्ट-किडनी-लिव्हरला आराम द्यायला निघाले होते त्यांचेच आजार जास्त. २००६ मध्ये सुट्टीवाल्यांना परत गोळ्या सुरू करायला सांगावं लागलं. नंतर साठवलेलं रक्त तपासलं तर गोळ्या बंद केल्यापासून महिन्याभरातच सुजेच्या आणि गुठळीच्या खुणा (इंटरल्युकिन-सिक्स आणि डी-डायमर) वर गेलेल्या दिसल्या. महिन्याभरात! तीन महिने लांबच राहिले.

म्हणजे गोळ्यांचा हार्टला त्रास असलाच तर छोटा, आणि मोकाट सुटलेल्या व्हायरसचा मोठा. शनिवार-रविवारची सुट्टी म्हणजे आगीतून फुफाट्यात, वर व्हायरस औषधाला सरावतो ते वेगळंच, मग हीच गोळी पुढे लागू पडत नाही. आणि तुमच्यासाठीही एक गोष्ट आहे, व्हायरल लोड दबलेला असतो तोवर त्यांच्याकडून तुम्हाला शरीरसंबंधातून लागण होत नाही, सुट्टीत ती खात्री उरत नाही. त्यांना सरळ डॉक्टरांना विचारू दे, “माझ्या गोळीत अबॅकाविर आहे का, हार्टसाठी बदलता येईल का?” हा प्रश्न एकदम योग्य आहे. आणि आत्तापर्यंत सुट्ट्या घेतल्यात हे पण सांगायचं, लपवायचं नाही, व्हायरल लोड परत करावा लागेल.

प्रश्न : इम्युनिटी बूस्टर, लसणाच्या कॅप्सूल आणि कॅल्शियम चालू आहे, एआरटीबरोबर चालेल ना?

उत्तर : वरची उत्तरं वाचलीत तर कळेल की आधीच जागरण चाललेल्याला बूस्टर देण्यात काय अर्थ. इम्युनिटी वाढवायचं एकच खात्रीचं औषध तुमच्याकडे आहे, एआरटी. लसूण जेवणात असतो तेवढा असू दे, कॅप्सूल मात्र बंद, काही एचआयव्ही औषधांची रक्तातली पातळी त्यांनी घटते. कॅल्शियम, आयर्न आणि अॅसिडिटीच्या काही गोळ्या डोल्युटेग्राविरला आतड्यातच धरून ठेवतात. म्हणून डोल्युटेग्राविर त्यांच्या दोन तास आधी किंवा सहा तास नंतर घ्यायची. कॅल्शियम आणि आयर्न जेवणाबरोबर घेतलं तर एकत्र चालतं, अॅसिडिटीच्या गोळीला ही सवलत नाही.

प्रश्न : सिगरेट रोजच्या सात-आठ. एवढं सगळं सांभाळतो, एवढी एक मजा तरी राहू द्या.

उत्तर : नाही राहू देणार. डेन्मार्कमध्ये २०१३ साली हिशोब मांडला गेला, एचआयव्हीवर नीट उपचार चालू असलेल्या माणसांचा. एचआयव्हीमुळे आयुष्याची सरासरी ५ वर्षं जात होती, सिगरेटमुळे १२. तुम्ही ज्याला घाबरून रोज न चुकता गोळी घेता त्याच्या दुपटीपेक्षा जास्त वर्षं नेणारी गोष्ट खिशात घेऊन फिरता. सात-आठच आहेत म्हणू नका, हार्टच्या बाबतीत कमी सिगरेटचा धोका वाटतो तितका कमी नसतो. सोडायच्या गोळ्या, पॅच, च्युइंग गम एआरटीबरोबर देता येतात, फक्त कोणतं ते डॉक्टरांना ठरवू द्या. तीनदा सोडून परत धरली असेल तरी चौथ्यांदा या, मी हसणार नाही.

प्रश्न : मी ४३ वर्षांची. एआरटीवर ९ वर्षं. दोन आठवड्यांपासून जिना चढताना दम लागतो, जबडा आणि पाठ भरून येते, थांबलं की जातं. एकांनी अॅसिडिटी सांगितली. पुढची अपॉइंटमेंट पुढच्या महिन्यात आहे, तोवर थांबू का?

उत्तर : ताई, तुमचं पत्र वाचल्या वाचल्या संपादकांकडून नंबर घेऊन तुम्हाला फोन केला, त्यामुळे हे बाकीच्यांसाठी. चालल्यावर येतं आणि थांबल्यावर जातं ते अॅसिडिटी नसतं, दुसरं सिद्ध होईपर्यंत हार्टचंच समजायचं आणि त्याच दिवशी ईसीजीला जायचं. बसल्या जागी यायला लागलं, घाम सुटला, तर थेट इमर्जन्सी. बायकांना छातीत ते सिनेमातल्यासारखं दुखतंच असं नाही. आणि एचआयव्हीमुळे धोका जितका वाढतो तो बायकांमध्ये पुरुषांपेक्षा जास्त पटीने वाढलेला दिसलाय, तरी तपासणी त्यांचीच मागे पडते.

प्रश्न : माझ्या धाकट्या भावाला मागच्या महिन्यात अटॅक आला, स्टेंट टाकला. त्याला एचआयव्ही आहे हे घरात फक्त मला माहिती. हार्टच्या डॉक्टरांना त्याने सांगितलंच नाही. एआरटीच्या गोळ्या व्हिटॅमिनच्या डबीत भरून ठेवतो. अॅडमिट असताना चार दिवस त्याने त्या उशीखाली ठेवल्या होत्या, मी बघितलं. आता डिस्चार्जच्या कागदावर सात औषधं आहेत आणि त्याची आठवी त्या डबीत. याने काही होतं का? की मी उगाच काळजी करतेय?

उत्तर : उगाच अजिबात नाही. त्याने का लपवलं ते समजू शकते, सांगितल्यावर लोकांचे चेहरे बदलताना मी खूप वेळा बघितलेत, आमच्या पांढऱ्या कोटवाल्यांचे पण. तरी या एका ठिकाणी सांगावंच लागेल, कारण औषधं एकमेकांत भांडतात.

डबीवरचं नाव खोटं आहे, म्हणून त्याला खरं नाव विचार. त्या गोळीत रिटोनाविर किंवा कोबिसिस्टॅट (दुसऱ्या एचआयव्ही औषधांचा जोर वाढवणारी) असेल तर दोन गोष्टी आजच बघायच्या. एक, स्टेंटनंतरची क्लोपिडोग्रेल, गुठळी होऊ न देणारी गोळी. ही पोटात गेल्यावर लिव्हरमध्ये तयार होते मगच काम करते, आणि ही दोन औषधं तो कारखानाच बंद पाडतात, म्हणजे गोळी रोज घेतोय पण स्टेंटला संरक्षण अर्धवट. तिच्याऐवजी प्रासुग्रेलसारखं दुसरं देता येतं. दोन, कोलेस्टेरॉलची गोळी. सिमव्हास्टॅटिन असेल तर या जोडीबरोबर चालतच नाही, रक्तात इतकी वाढते की स्नायू वितळून किडनीवर येऊ शकतं. अॅटोरव्हास्टॅटिन असेल तर डोस आवरता घ्यावा लागतो. डबीत रिटोनाविर-कोबिसिस्टॅट नसेल, डोल्युटेग्राविरवाली गोळी असेल, तर यातलं बरंचसं टळतं, पण हे डॉक्टरांना बघू दे, तुम्ही घरी ठरवू नका. आणि त्यांनी सांगेपर्यंत सातातलं किंवा डबीतलं काहीही स्वतःहून बंद करायचं नाही, क्लोपिडोग्रेल तर मुळीच नाही, स्टेंट नवीन आहे.

तोंडाने सांगायला जड जात असेल तर सांगू नको म्हण त्याला. एका कागदावर आठही औषधांची नावं लिहा, डबीतलं पण, आणि तो कागद डॉक्टरांच्या टेबलावर ठेवा. नाव वाचलं की त्यांना कळतं. नातेवाईकांसमोर बोलू नका असं त्याच कागदावर खाली लिहिलं तरी चालेल, तो त्याचा हक्क आहे. तू बाहेर बाकावर बस, आत त्याला एकट्याला जाऊ दे.